साइन इननंतरचं काम: डेलिगेटेड टोकनं कशी सांभाळली जातात

‘मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करा’ हे बटण दाबलं की एक पान उघडतं. या ॲपला तुमचं कॅलेंडर वाचायचं आहे, तुमच्या नावाने मेल पाठवायची आहे, अशी यादी दिसते. आपण ‘स्वीकारा’ दाबतो आणि कामाला लागतो. ॲप बनवणारेही बऱ्याचदा इथपर्यंतचीच चाचणी करतात. साइन इन झालं, वर कोपऱ्यात नाव दिसलं, म्हणजे झालं. पण त्या होकारातून जी टोकनं, म्हणजे ॲपला तुमच्या वतीने काम करू देणारे डिजिटल परवाने, तयार होतात त्यांचं आयुष्य आत्ता कुठे सुरू झालेलं असतं. ती ठेवायची कुठे, मुदत संपण्याआधी नवी कशी घ्यायची, एका माणसाचं टोकन दुसऱ्याच्या विनंतीला चुकूनही लागू नये म्हणून काय करायचं, होकार मागे घेतला गेला तर ते ॲपला कळणार कसं, हे प्रश्न त्यानंतरचे. आणि मला हेच प्रश्न जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण इथे निष्काळजीपणा झाला तर त्याची किंमत ॲप लिहिणारा मोजत नाही, विश्वासाने ‘स्वीकारा’ दाबणारा माणूस मोजतो.

हे काम करण्यासाठी क्लाउड कंपन्या तयार लायब्ररी, म्हणजे ॲपमध्ये जोडता येणारं तयार कोड, देतात. या लेखात मुख्यतः मायक्रोसॉफ्टची लायब्ररी घेऊ. तिचं पूर्ण नाव मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेशन लायब्ररी, पण सगळे तिला एमसॅल म्हणतात. डॉटनेट, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, गो, अँड्रॉइड, आयओएस अशा बहुतेक प्रचलित भाषा आणि प्लॅटफॉर्मसाठी ती मिळते. साइन इन तपासून टोकनं देणारा समोरचा सर्व्हर म्हणजे एन्ट्रा आयडी. २०२३ पर्यंत त्याचं नाव अझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरी होतं. गूगलचे नियम जिथे वेगळे पडतात तिथे तेही सांगेन.

होकार नेमका कशाला असतो

या सगळ्याच्या मुळाशी ओऑथ आहे: पासवर्ड न देता ॲपला मर्यादित परवानगी देण्याची ठरलेली पद्धत. त्याआधीचा काळ आठवून पाहा: एखाद्या नव्या संकेतस्थळाला तुमच्या मेलमधले संपर्क हवे असले की ते सरळ मेलचा पासवर्ड मागायचं. पासवर्ड दिला की संपर्कच काय, सगळी मेल, खात्याच्या सेटिंग, सगळंच हाती जायचं. परत घ्यायचं तर पासवर्ड बदलणं एवढाच उपाय, आणि तो बदलला की बाकीची सगळी जोडलेली ॲपही एकदम बंद. २००७ मध्ये ओऑथची पहिली आवृत्ती आली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ओऑथ २.० हे आरएफसी ६७४९ या क्रमांकाच्या इंटरनेट मानकात प्रसिद्ध झालं. आज मायक्रोसॉफ्ट, गूगल, गिटहब हे सगळे त्यावरच चालतात. आपलं डिजीलॉकरही. एखाद्या संस्थेच्या पोर्टलला डिजीलॉकरमधून तुमची गुणपत्रिका घेऊ देता, तेव्हा मागे ओऑथचाच व्यवहार चाललेला असतो.

यातली कल्पना मुखत्यारपत्रासारखी आहे. परदेशी असलेला माणूस गावाकडच्या जमिनीच्या एका व्यवहारासाठी भावाला मुखत्यार नेमतो. भाऊ सही करतो ती स्वतःसाठी नाही, मालकाच्या वतीने. पत्रात लिहिलंय तेवढंच त्याला करता येतं. आणि मालकाच्या नावावर नसलेली जमीन त्या पत्राच्या जोरावर विकता येत नाही.

हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे आणि नेमका तोच नजरेतून सुटतो. डेलिगेटेड, म्हणजे माणसाच्या वतीने वापरायची, परवानगी असलेल्या ॲपला दोन मर्यादा एकाच वेळी लागू होतात: ॲपला काय परवानगी मिळाली आहे, आणि साइन इन केलेल्या माणसाला स्वतःला काय करता येतं. दोन्हींमध्ये जे बसतं तेवढंच घडतं. समजा, मायक्रोसॉफ्ट ग्राफमधली (मेल, कॅलेंडर, प्रोफाइल अशी माहिती ॲपना देणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) ‘युझर डॉट रीडराइट डॉट ऑल’ ही परवानगी एखाद्या ॲपला डेलिगेटेड स्वरूपात मिळाली. नाव वाचून वाटतं की कंपनीतल्या सगळ्यांची प्रोफाइल आता बदलता येतील. पण साइन इन केलेला माणूस साधा कर्मचारी असेल तर त्या ॲपला फक्त त्याचीच प्रोफाइल बदलता येते. तोच ॲप प्रशासकाने उघडला तर चित्र एकदम वेगळं होतं.

याच्या शेजारी दुसरा प्रकार आहे, ॲपच्या स्वतःच्या परवानगीचा. तिथे कुणीही साइन इन केलेलं नसतं. रात्री दोनला आपोआप चालणारा प्रोग्राम स्वतःच्या ओळखीवर टोकन घेतो. ‘मेल डॉट रीड’ डेलिगेटेड असेल तर ॲप साइन इन केलेल्या माणसाची मेल वाचतं. तेच नाव ॲपच्या परवानगीत असेल आणि प्रशासकाने वेगळी मर्यादा घातलेली नसेल, तर संस्थेतल्या कुठल्याही मेलबॉक्समध्ये ते डोकावू शकतं. नाव तेच, आवाका कितीतरी मोठा. म्हणून एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामच्या विनंत्या पुरवणारी सेवा, लिहिणाऱ्याने आलेलं टोकन कोणत्या प्रकारचं आहे हे तपासायलाच हवं. एन्ट्राच्या टोकनमध्ये ‘एससीपी’ नावाचा दावा (टोकनच्या आतली माहितीची नोंद) असेल तर मागे माणूस आहे. फक्त ‘रोल्स’ पाहून निष्कर्ष काढू नका, कारण माणसाला भूमिका नेमून दिलेली असेल तर त्याच्या टोकनमध्येही ‘रोल्स’ येतं.

कोणतं टोकन कुणासाठी

साइन इन झाल्यावर साधारणपणे तीन टोकनं हाती येतात. आयडी टोकन ॲपसाठी असतं: साइन इन कुणी केलं, हे ते सांगतं. ॲक्सेस टोकन एपीआयसाठी असतं. ॲपने ते उघडून आत काय आहे यावर निर्णय घेऊ नयेत, कारण ते ॲपला उद्देशून लिहिलेलंच नाही आणि त्याची रचना उद्या बदलली तरी तक्रार करता येणार नाही. तिसरं रिफ्रेश टोकन. ते एपीआयला कधीच दाखवायचं नसतं. फक्त ओळख सर्व्हरकडे देऊन त्याबदल्यात नवं ॲक्सेस टोकन घ्यायचं असतं.

आयडी टोकन एपीआयकडे पाठवणं ही नवशिक्यांमध्ये फार दिसणारी चूक आहे. एपीआयने नीट तपासणी केली नाही तर ती खपूनही जाते, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षं टिकते.

मुदतींचा हिशोब समजून घेतला तर लायब्ररी काय करते ते आपोआप कळतं. एन्ट्राचं ॲक्सेस टोकन नेहमीच्या मांडणीत ६० ते ९० मिनिटं चालतं. नेमकी किती मिनिटं हे सर्व्हर दर वेळी यादृच्छिकपणे ठरवतो, सरासरी ७५. हे मुद्दाम केलेलं आहे: सगळ्यांची मुदत बरोबर एक तास असती तर सकाळी नऊला कामाला बसलेल्या हजारो लोकांची टोकनं दहा वाजता एकदम संपली असती आणि सर्व्हरवर लोंढा आला असता. यातून एक धडा थेट मिळतो. मुदत कोडमध्ये ‘३६०० सेकंद’ अशी पक्की लिहून ठेवू नका. टोकनसोबत येणारी मुदतच खरी मानायची.

रिफ्रेश टोकनची मुदत सहसा ९० दिवस असते, आणि पूर्णपणे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एकपानी ॲपसाठी फक्त २४ तास, कारण ब्राउझरमध्ये ते सुरक्षित ठेवणं अवघड. दर वापराला सर्व्हर नवं रिफ्रेश टोकन देतो. मात्र एन्ट्रामध्ये जुनं त्यामुळे आपोआप बाद होत नाही, म्हणून जुनं पुसून टाकणं हे आपलं काम. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: ॲक्सेस टोकन एकाच एपीआयसाठी असतं, पण रिफ्रेश टोकन माणूस आणि ॲप या जोडीशी बांधलेलं असतं, एपीआयशी नाही. एका रिफ्रेश टोकनवर आज ग्राफसाठी, उद्या तुमच्या स्वतःच्या एपीआयसाठी ॲक्सेस टोकन मिळू शकतं, होकार दिलेला असेल तर. म्हणजे चोराच्या दृष्टीने मौल्यवान काय, हे उघड आहे. ॲक्सेस टोकन चोरीला गेलं तर तास-दीड तासाचं नुकसान. रिफ्रेश टोकन गेलं तर तीन महिन्यांचं, आणि तेही दर वापराला पुढे सरकणारं.

म्हणूनच एमसॅलचा एक निर्णय मला मनापासून पटतो. तिच्या आधीची एडॅल ही लायब्ररी, जिचा आधार ३० जून २०२३ रोजी संपला, सुरुवातीच्या काळात रिफ्रेश टोकन थेट प्रोग्रामरच्या हातात द्यायची. लोक ते डेटाबेसच्या साध्या रकान्यात ठेवायचे, मेलने एकमेकांना पाठवायचे. एमसॅल ते हाती देतच नाही. ‘मला टोकन हवंय’ एवढं सांगा, ते कसं आणायचं ते मी बघते, असा तिचा करार आहे. अनेकांना हा अडथळा वाटतो आणि ते टोकनसाठ्याची फाइल फोडून रिफ्रेश टोकन बाहेर काढण्याच्या युक्त्या शोधत बसतात. कृपा करून तसं करू नका.

आधी साठा, मग माणूस

एमसॅल वापरण्याचा एकच क्रम आहे आणि तो कधीही मोडायचा नाही. एपीआयला प्रत्येक हाक मारण्याआधी ‘अक्वायर टोकन सायलेंट’ बोलवा. त्यातून जमलं नाही तरच माणसाला पुन्हा साइन इनच्या पानावर न्या.

सायलेंट म्हणजे माणसाला न विचारता. आत घडतं ते असं. लायब्ररी आधी आपल्या साठ्यात बघते: या माणसाचं, या ॲपचं, मागितलेले सगळे स्कोप, म्हणजे परवानग्या, ज्यात बसतात असं टोकन आहे का? असेल आणि मुदत पुरेशी उरली असेल तर तेच परत देते. नेटवर्कला हातही लावत नाही. मुदत संपायला पाचेक मिनिटंच उरली असतील तर ते संपलेलंच धरते. कारण घड्याळं थोडी मागेपुढे असतात, विनंती पोहोचायला वेळ लागतो, आणि वाटेत मुदत संपली तर एपीआय नकार देणार. टोकन संपलेलं असेल तर साठ्यातलं रिफ्रेश टोकन घेऊन सर्व्हरकडे जाते, नवी जोडी आणते, साठ्यात ठेवते आणि ॲक्सेस टोकन तुम्हाला देते. तुम्हाला यातलं काहीच दिसत नाही.

यावरून कळेल की ‘टोकन एकदा घेऊन व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि संपलं की बघू’ ही पद्धत किती निरर्थक आहे. ते काम लायब्ररीने आधीच जास्त काळजीने केलेलं आहे. व्हेरिएबलमध्ये टोकन ठेवू नका, दर वेळी मागा. साठ्यात असेल तर उत्तर क्षणात मिळतं.

रिफ्रेश टोकनही चाललं नाही तर लायब्ररी एक ठराविक अपवाद फेकते, म्हणजे प्रोग्रामला चुकीची सूचना देते. डॉटनेटमध्ये त्याचं नाव ‘एमसॅल यूआय रिक्वायर्ड एक्सेप्शन’, जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटरॲक्शन रिक्वायर्ड ऑथ एरर’. कारणं अनेक असतात: पासवर्ड बदलला, होकार काढून घेतला, ९० दिवस ॲप उघडलंच नाही, संस्थेने आता दुहेरी पडताळणी सक्तीची केली. कोणतंही कारण असलं तरी अर्थ एकच, की आता माणसाची गरज आहे. इथे पुन्हा पुन्हा सायलेंट बोलवत राहणं हा सर्वात वाईट मार्ग. उत्तर बदलणार नाही आणि सर्व्हर काही वेळाने तुम्हालाच थोपवेल. नेटवर्क तुटल्याची चूक मात्र वेगळी. तिथे थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. दोन्ही चुकांना कोडमधल्या चूक पकडणाऱ्या एकाच ‘कॅच’मध्ये गुंडाळून ‘पुन्हा साइन इन करा’ असं सांगणारी ॲप लोकांना लोकलमध्ये रेंज गेली की विनाकारण बाहेर काढतात.

पायथनमध्ये थोडा फरक आहे: सायलेंटला काही सापडलं नाही तर अपवाद न फेकता ते ‘नन’, म्हणजे रिकामं उत्तर, परत देतं, म्हणून उत्तर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. सर्व्हरची नेमकी तक्रार हवी असेल तर त्याच कामाचं ‘विथ एरर’ हे दुसरं रूप आहे.

स्कोप मागताना एक मर्यादा सांभाळायची. एका विनंतीत एकाच एपीआयचे स्कोप मागायचे, कारण मिळणारं ॲक्सेस टोकन एकाच एपीआयचं असतं. आणि पहिल्याच दिवशी सगळं मागू नका. माणूस कॅलेंडरचं पान उघडेल तेव्हा कॅलेंडर मागा. त्यामुळे होकाराचं पान छोटं राहतं आणि माणूस ते खरोखर वाचतो.

गूगलच्या बाजूला मूळ कल्पना हीच, पण तपशील अडखळायला लावतात. वेब सर्व्हरवरच्या ॲपला रिफ्रेश टोकन हवं असेल तर विनंतीत ‘ऑफलाइन’ ॲक्सेस मागावा लागतो, आणि ते सहसा पहिल्या होकाराच्या वेळीच मिळतं. ते साठवायचं राहिलं आणि माणसाने दुसऱ्यांदा साइन इन केलं तर फक्त ॲक्सेस टोकन येतं. रिफ्रेशसाठी पुन्हा मुद्दाम होकार मागावा लागतो. ॲप अजून ‘टेस्टिंग’ अवस्थेत असेल तर रिफ्रेश टोकन सात दिवसांत बाद होतं. ‘माझं स्क्रिप्ट दर आठवड्याला बंद पडतं’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच. सहा महिने न वापरलेलं टोकनही बाद. शिवाय एका खात्यासाठी एका क्लायंट आयडीवर (ॲपच्या नोंदणी क्रमांकावर) १०० रिफ्रेश टोकनांची मर्यादा आहे. ती ओलांडली की सर्वात जुनं टोकन काहीही न सांगता निकामी होतं. चाचणीच्या यंत्रणेत दर वेळी नव्याने साइन इन करणाऱ्यांनी ही मर्यादा डोक्यात ठेवावी.

साठा कुणाचा, कुठे

आता सर्वात नाजूक भाग. एमसॅलचा साठा मुळात मेमरीत असतो. प्रोग्राम बंद झाला की गेला. डेस्कटॉप ॲपला तो टिकवायचा असतो, नाहीतर माणसाला रोज साइन इन करावं लागेल. त्यासाठी पूरक पॅकेज आहेत. ती त्या त्या प्रणालीची गुपितं जपण्याची सोय, म्हणजे विंडोजवर डीपीएपीआय, मॅकवर कीचेन आणि लिनक्सवर लिबसीक्रेट, वापरून साठा कूटबद्ध करतात, आणि दोन प्रक्रिया एकाच वेळी फाइलमध्ये लिहायला लागल्या तर कुलूपही सांभाळतात. हे स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका. साध्या जेसन फाइलमध्ये टोकनं ठेवणं शिकण्याच्या उदाहरणात चालतं. ती फाइल चुकून गिटच्या भांडारात गेली की ती सगळ्यांची झाली.

वेब सर्व्हरवर धोका वेगळ्या जातीचा आहे. तिथे एकच प्रोग्राम हजारो माणसांसाठी काम करतो. सगळ्यांची टोकनं एका ढिगात ठेवली आणि शोधताना किल्ली चुकली, तर एका माणसाला दुसऱ्याची मेल दिसेल. मला याहून भयंकर त्रुटी सुचत नाही, कारण बाहेरून पाहता सगळं सुरळीत चाललेलं असतं. कुठेही चूक नोंदली जात नाही, फक्त माणूस चुकीचा असतो. म्हणून साठ्याचे प्रत्येक माणसामागे वेगळे कप्पे हवेत. रेडिस किंवा एसक्यूएल सर्व्हरसारख्या सामाईक ठिकाणी तो ठेवला तर अनेक सर्व्हरनाही वापरता येतो, पण किल्ली माणसागणिक वेगळीच. एमसॅल स्वतः अशी किल्ली सुचवते. साइन इन केलेल्या माणसासाठी ती त्याच्या खात्याचा ओळख क्रमांक आणि त्याच्या मूळ संस्थेचा क्रमांक जोडून बनते.

तिथे ईमेल का नाही? कारण ईमेल बदलतो, लग्नानंतर बदलतो, कंपनी विकली गेली की बदलतो, आणि नोकरी सोडलेल्या माणसाचा पत्ता पुढे दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. २०२३ मध्ये ‘एनओऑथ’ या नावाने एक त्रुटी उघड झाली. एन्ट्राच्या टोकनमधला ईमेलचा दावा हीच माणसाची ओळख, असं काही ॲपनी धरलं होतं. हल्लेखोराने स्वतःच्या संस्थेत स्वतःच्या खात्यावर तुमचा ईमेल लिहायचा आणि ‘मायक्रोसॉफ्टने साइन इन’ करून त्या ॲपमधल्या तुमच्या खात्यात शिरायचं, एवढं सोपं होतं ते.

ब्राउझरमधल्या ॲपसाठी एमसॅल साठा सहसा सेशन स्टोरेजमध्ये ठेवते, म्हणजे ब्राउझरच्या त्या एका टॅबपुरत्या जागेत. हवं तर लोकल स्टोरेज निवडता येतं. लोकलमध्ये ठेवलं की सगळ्या टॅबमध्ये साइन इन टिकतं. पण पानावर कुणाचंही परकं स्क्रिप्ट शिरलं, तर ते या साठ्यापर्यंत पोहोचू शकतं. आरोग्य, बँक, शाळेतल्या मुलांची माहिती असं काही हाताळत असाल तर टोकनं ब्राउझरमध्ये येऊच न देणं माझ्या मते योग्य: ती सर्व्हरवर ठेवा आणि ब्राउझरला फक्त सुरक्षित कुकी द्या. काम वाढतं, हे खरं आहे.

आणि लॉग. टोकन लॉगमध्ये छापणं हा साठा उघड्यावर टाकण्याचाच प्रकार. एन्ट्राची आयडी आणि ॲक्सेस टोकनं बहुतेक जेडब्ल्यूटी या मजकुराच्या ठरलेल्या स्वरूपात असतात. त्यांच्यावर सही असते, पण ती कूटबद्ध नसतात, कुणालाही उघडून वाचता येतात. त्यांची सुरुवात ‘ई वाय जे’ या तीन रोमन अक्षरांनी होते, कारण महिरपी कंस आणि अवतरणचिन्ह बेस६४ या अक्षरांकनात लिहिलं की तसंच दिसतं. आज संध्याकाळी आपल्या लॉगमध्ये ही तीन अक्षरं शोधून पाहा. एमसॅलचा स्वतःचा लॉग वैयक्तिक माहिती वगळूनच लिहिला जातो. तपासासाठी ती माहितीही लिहिण्याचा पर्याय चालू केला असेल तर काम झाल्यावर बंद करा. मदत मागताना टोकन पाठवू नका, त्या विनंतीचा सहसंबंध क्रमांक पाठवा. तो पुरतो.

मधल्या एपीआयचा पेच

मोबाइल ॲप तुमच्या एपीआयला हाक मारतं आणि तुमच्या एपीआयला त्याच माणसाच्या वतीने ग्राफमधून कॅलेंडर आणायचं आहे. आलेलं टोकन तसंच ग्राफकडे पुढे पाठवलं तर? ग्राफ नाकारणार, कारण त्या टोकनवर प्राप्तकर्ता म्हणून तुमच्या एपीआयचं नाव आहे. आणि नाकारलंच पाहिजे. नाहीतर एखाद्या छोट्या एपीआयला मिळालेलं टोकन घेऊन तो एपीआय तुमच्या नावाने जगभर फिरला असता.

यावरचा मार्ग म्हणजे ‘ऑन बिहाफ ऑफ’. तुमचा एपीआय आलेलं टोकन आणि स्वतःची ओळख, म्हणजे गुप्त किल्ली किंवा त्याहून चांगलं प्रमाणपत्र, सर्व्हरला दाखवतो आणि म्हणतो, या माणसाच्या वतीने मला ग्राफचं टोकन द्या. सर्व्हर दोन्ही तपासून नवं टोकन देतो, ज्यात माणूस तोच पण प्राप्तकर्ता ग्राफ. एमसॅल अशा टोकनांचा साठा आलेल्या टोकनच्या हॅशवर (त्यातून गणिताने काढलेल्या छोट्या ठशावर) किल्ली बनवून ठेवते, म्हणून तेच टोकन घेऊन पुन्हा विनंती आली की नवा फेरा लागत नाही.

इथली अडचण होकाराची आहे. मधल्या एपीआयसमोर पडदा नाही, माणूस नाही. तो कुणाला विचारणार? म्हणून ग्राफसाठीचा होकार आधीच, ॲपमध्ये साइन इन होताना घेतला जावा अशी जोडणी करावी लागते. ॲपची नोंदणी एपीआयच्या नोंदणीत ‘ओळखीचा क्लायंट’ म्हणून लावली की दोघांचा होकार एकाच पानावर मागता येतो. दुसरी गोष्ट, ही पद्धत माणसाच्या टोकनवरच चालते. ॲपने स्वतःच्या नावाने घेतलेलं टोकन इथे देता येत नाही, आणि त्यात अर्थ आहे: ज्याच्या वतीने काम करायचं तो माणूसच तिथे नाही.

होकार मागे घेतला तर

ॲक्सेस टोकन ज्याच्या हाती त्याचं. एपीआय सही आणि मुदत तपासतो, सर्व्हरला फोन करून ‘अजून चालतं का’ असं विचारत नाही. यामुळे वेग मिळतो, पण नोकरीवरून काढलेल्या माणसाचं टोकन मुदत संपेपर्यंत चालू राहतं. एन्ट्राने यावर सतत तपासणीची सोय आणली. खातं बंद झालं, पासवर्ड बदलला, प्रशासकाने सगळी सत्रं रद्द केली, तर ग्राफसारख्या सेवांना ते जवळपास लगेच कळवलं जातं आणि त्या टोकन नाकारतात. नाकारताना ४०१ या नकाराच्या संकेतासोबत एक दाव्याची मागणी येते. ती ॲपने जशीच्या तशी एमसॅलला द्यायची, म्हणजे लायब्ररी साठ्यातलं जुनं टोकन बाजूला ठेवून सर्व्हरकडे जाते. आपल्याला ही मागणी कळते, हे ॲपने आधी जाहीर करावं लागतं. त्याच्या बदल्यात टोकनची मुदत २८ तासांपर्यंत वाढू शकते, कारण आता मुदतीवर भिस्त नाही. एवढ्या लांब टोकनांना लायब्ररी साधारण अर्ध्या मुदतीतच नवं करायला लागते, आणि त्या वेळी सर्व्हर बंद असला तरी जुन्यावर काम चालू ठेवते.

होकाराचा गैरवापर कसा होतो याची दोन उदाहरणं सांगतो. ३ मे २०१७ रोजी जगभर लोकांना ओळखीच्या पत्त्यांवरून एक कागद पाहण्याचं आमंत्रण आलं. दुवा गूगलच्या खऱ्या पानावर जायचा, आणि तिथे ‘गूगल डॉक्स’ असं नाव घेतलेलं परकं ॲप मेल व संपर्क हाताळायची परवानगी मागायचं. होकार दिला की ते पुढच्या सगळ्या संपर्कांना तीच मेल पाठवायचं. पासवर्ड चोरलाच नव्हता, त्यामुळे दुहेरी पडताळणीही कामाला आली नाही. गूगलने साधारण तासाभरात ते थांबवलं.

दुसरं उदाहरण एप्रिल २०२२ चं. गिटहबने जाहीर केलं की हेरोकू आणि ट्रॅव्हिस सीआय या गिटहबवरचं कोड घेऊन चालवणाऱ्या आणि तपासणाऱ्या दोन सेवांना दिलेली ओऑथ टोकनं चोरून कुणीतरी डझनावारी संस्थांचं खाजगी कोड उतरवून घेतलं आहे. त्यात जावास्क्रिप्टच्या पॅकेजचं भांडार असलेलं एनपीएमही होतं. गिटहबची यंत्रणा फोडलेली नव्हती. लोकांनी ज्यांच्यावर विश्वास ठेवून टोकनं दिली, त्यांच्याकडून ती गेली होती. दुसऱ्यांची टोकनं सांभाळणाऱ्या प्रत्येक ॲपची जागा या घटनेत हेरोकूच्या शेजारी आहे.

शेवटी साइन आउटबद्दल, कारण त्याविषयी फार गैरसमज आहेत. एमसॅलमध्ये खातं काढून टाकलं की त्या ॲपच्या साठ्यातून त्या माणसाची टोकनं पुसली जातात. एवढंच. ब्राउझरमधलं मायक्रोसॉफ्टचं सत्र चालू असेल तर पुढच्या वेळी पासवर्ड न विचारताच तो पुन्हा आत येईल. ते सत्र संपवायचं तर सर्व्हरच्या साइन आउट पानावर न्यावं लागतं. आणि होकार? तो या दोन्हींनंतरही तसाच राहतो. तो काढायचा तर माणसाला स्वतःच्या खात्यात जावं लागतं: कामाच्या खात्यासाठी ‘माय ॲप्स’ पोर्टलवर, गूगलसाठी खात्याच्या सुरक्षा विभागात जोडलेल्या ॲपच्या यादीत. तुमच्या ॲपच्या साइन आउट बटणाशेजारी त्या पानाचा दुवा द्या. तो देणारी ॲप मला फार कमी दिसली आहेत.